मोजणीवाला निवडावा कसा? नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

ज्यांनी वीस वर्षे फ्लॅटचे हप्ते फेडले आणि आता मुळशीत, भोरला किंवा दापोलीच्या बाजूला ‘थोडी जागा आणि त्यावर छोटंसं घर’ घ्यायचं मनात आणलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती आहे त्यांनी ती वाचू नये. त्यांना यातलं सगळं माहीत असतं, आणि तरीही त्यांचा बांधाचा दावा चालू असतो.

पूर्वतयारी

मोजणीवाल्याची मुळीच गरज नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. ही खात्री एजंट विनामूल्य करून देतो. तो तुम्हाला जागेवर नेतो, गाडीतून उतरतो, गॉगल कपाळावर सरकवतो आणि हात लांब करून म्हणतो, “त्या आंब्यापासून ते हे इथपर्यंत.” तुम्ही आंब्याकडे पाहता. आंबा छान असतो. ‘इथपर्यंत’ कुठपर्यंत, हे विचारायचं राहून जातं, कारण तेवढ्यात तो फाइल उघडून सातबारा दाखवतो. “बघा साहेब, सरकारी कागद. क्लिअर टायटल.”

सातबारा खराच असतो, त्याबद्दल वाद नाही. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद आणि बारा म्हणजे पिकांची. जमीन किती, कोणाच्या नावावर, बोजा कोणत्या सोसायटीचा, भात होता की पड, हे सगळं त्यात सापडतं. जमीन नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढं एकच त्यात नसतं. नवशिक्या नेमका तोच कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवतो.

क्षेत्राच्या रकान्यात 0.10.00 असा आकडा दिसेल. त्याचा अर्थ दहा आर. एजंट तोंडाने ‘दहा गुंठे’ म्हणेल आणि तुम्ही मान हलवाल. इथे थांबावं. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1076 चौरस फूट. फरक एका गुंठ्याला तेरा चौरस फुटांचाही नाही, त्यामुळे तो बोलून दाखवणारा माणूस कंजूष ठरतो. पण दहा गुंठ्यांचे पैसे मोजून दहा आर घेतले, तर सव्वाशे चौरस फूट गेले. मुंबईत एवढ्या जागेला बेडरूम म्हणतात.

हे 33 फूट कुठून आले, असं कोणी विचारत नाही, पण विचारावं. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. 1835 साली इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जमाबंदीचं जे काम सुरू केलं, त्यातूनच पुढे गावोगावचे सर्व्हे नंबर पडले. नंतर 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने त्या नंबरांचे गट झाले. म्हणून तुमच्या जागेला जुना सर्व्हे नंबर एक आणि गट नंबर दुसराच असतो. विकणारे काका पहिला सांगतात, कागदावर दुसरा असतो आणि गेटवरच्या पाटीवर तिसराच. नवशिक्याने तिन्ही लिहून घ्यावेत. कोणता खरा याची चर्चा पहिल्याच दिवशी काढू नये, चहा थंड होतो.

मोजणीवाल्यांचे प्रकार

जमीन मोजणारे लोक पुष्कळ असतात. त्यातले बहुतेक न बोलावता येतात.

पहिला तुमच्याच घरातला. हे काका किंवा सासरे असतात आणि निवृत्त असतात. ते पावलांनी मोजतात. “माझं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे,” असं सांगून ते झपाझप निघतात, मध्ये ओढा आला की वळसा घालतात, पलीकडे पोचल्यावर आकडा विसरतात आणि शेवटी म्हणतात, “आहे, भरपूर आहे.” शिवकाळात पाच हात पाच मुठींच्या काठीने जमीन मोजत. काकांच्या पद्धतीपेक्षा ती अधिक काटेकोर होती, कारण काठीचा गुडघा दुखत नसे. काकांना मात्र नक्की न्यावं. ते मोजणीसाठी निरुपयोगी असले, तरी शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारायला त्यांच्याइतका उपयोगी माणूस नाही, आणि त्या म्हाताऱ्याला जे माहीत असतं ते कुठल्याच यंत्राला सापडत नाही.

दुसरा भाचा. तो महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून गटाचा नकाशा काढतो, तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवतो आणि मोबाइल हातात धरून बांधावरून चालतो. “मामा, आपण आत्ता बरोबर कोपऱ्यावर उभे आहोत.” मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो. पन्नास मीटर लांबीच्या बाजूला चार मीटरची पट्टी म्हणजे दोनशे चौरस मीटर, जवळजवळ दोन गुंठे. भाच्याला शाबासकी द्यावी आणि गाडी चालवायला सांगावी.

तिसरा बँकेचा व्हॅल्युअर. नवशिक्यांना हा मोजणीवाला वाटतो, कारण त्याच्याकडे टेप असते. तो पंधरा मिनिटांत घराचे चारी बाजूंनी फोटो काढतो, तुम्हाला घरासमोर उभं करून एक फोटो काढतो आणि जातो. त्याचा प्रश्न एवढाच असतो की, तुम्ही हप्ते बुडवले तर हे विकून बँकेचे पैसे निघतील का. अहवाल बँकेला जातो. फी तुम्ही भरलेली असली तरी तो त्याचं मत तुम्हाला सांगायला बांधील नाही. ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीकच असणार’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याचा पुतळा एजंटांनी वर्गणी काढून उभारायला हरकत नाही.

वास्तुतज्ज्ञाबद्दल लिहीत नाही. तो दिशा मोजतो, आणि पूर्व कुठे आहे यावर सहसा खटला चालत नाही.

खाजगी सर्वेअर: कसा पारखावा

इथून खरी निवड सुरू होते. खाजगी सर्वेअर टोटल स्टेशन आणतो. तिपाई उभी राहते, एक पोरगा प्रिझमची काठी घेऊन गवतातून पळतो, “थोडं डावीकडे, अजून, हां, बास” अशा आरोळ्या होतात, आणि दोन दिवसांत तुमच्या हातात ऑटोकॅडचा रंगीत नकाशा पडतो. त्यात मिलिमीटरपर्यंत आकडे असतात. नवशिक्या मिलिमीटर पाहून भारावतो.

भारावण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा: “तुम्ही कुंपण मोजलंत की गट?” नव्वद टक्के शहाणपण या प्रश्नात आहे. उरलेलं दहा टक्के, उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यात. कारण बरेच जण जागेवर जे तारेचं कुंपण दिसतं तेच अत्यंत बिनचूकपणे मोजून देतात. कुंपण चुकीच्या जागी असेल तर चूकही मिलिमीटरपर्यंत बिनचूक येते. चांगला सर्वेअर आधी गटाचा नकाशा मागतो. त्याहून चांगला जुनं टिपण, फाळणी किंवा आधीच्या मोजणीची ‘क प्रत’ मागतो आणि नसेल तर कुरकुर करतो. कुरकुर करणाऱ्याला काम द्यावं. मग तो आजूबाजूचं पक्कं काही शोधतो. शिवेचा दगड, जुनी विहीर, नकाशात असलेला आणि जागेवरही असलेला रस्ता, अशा खुणांवर जुना नकाशा बसवून तो सांगतो की तुमची पूर्वेची बाजू कुंपणाच्या आत येते की बाहेर.

“साहेब, क्षेत्र बरोबर भरतंय,” एवढंच सांगणाऱ्याला नमस्कार करावा. दहा आर कुठूनही भरून काढता येतात. शेजाऱ्याच्या दोन आरांसकटसुद्धा.

फी ठरवताना एजंटने सुचवलेला सर्वेअर स्वस्त पडतो. तो का स्वस्त पडतो, हे इथे लिहिण्याची गरज नसावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. खाजगी नकाशा कितीही सुंदर असला तरी तो भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरात जाऊन बसत नाही. तो तुमच्या माहितीसाठी असतो: सौदा करावा की काढता पाय घ्यावा, हे ठरवायला. त्यासाठी तो उत्तम. शेजाऱ्याला दाखवायला नेला, तर शेजारी तो उलटा धरून पाहील आणि म्हणेल, “आमच्या बाजूला पण हाय एक मशीनवाला.”

सरकारी मोजणी: कशी निवडावी

निवडता येत नाही.

या विभागात खरं तर एवढंच लिहून थांबायला हवं, पण नवशिक्यांचं समाधान होत नाही. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात होतो. लोक अजून त्याला जुन्या नावाने ‘टीएलआर’ म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगावं. अर्ज करायचा तो ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याने. म्हणजे तुम्ही नव्हे. घेणारा तुम्ही, धास्ती तुमची, पैसे बहुधा तुमचे, पण अर्जदार विकणारा. म्हणून मोजणीवाला निवडण्यापेक्षा विकणारा निवडणं जास्त महत्त्वाचं. “आधी हद्द कायम मोजणी करून द्या, मग खरेदीखत करू,” असं म्हटल्यावर जो लगेच “करू की” म्हणतो त्याच्याकडून घ्यावं. जो म्हणतो, “मोजणीचं काय एवढं, गावात कोणालाही विचारा,” त्याच्या गावात खरंच विचारावं.

मोजणीचे प्रकार असतात. हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती. तुम्हाला बहुधा पहिली हवी असते. पण सातबाऱ्यावर चौदा नावं असतील आणि विकणारे काका त्यातले एक असतील, तर ‘माझा हिस्सा हा इकडचा’ हे काकांचं वाक्य उरलेल्या तेरांना मान्य आहे का, हे मोजणी सांगत नाही. पोटहिस्सा पाडायला त्या तेरांची संमती लागते. त्यातला एक सुरतेला असतो, एक मयत असून त्याचे वारस लागायचे असतात आणि एकाचं काकांशी 1998 च्या लग्नापासून बोलणं नसतं. अशा जागेसाठी मोजणीवाला नव्हे, दुसरी जागा निवडावी.

पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि अति-अतितातडी असे चार वेग होते. अलीकडे ते गुंडाळून नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवले आहेत. द्रुतगतीची फी जास्त. खात्याकडेही आता रोव्हर आले आहेत, उपग्रहांवरून जागा ठरवणारे, त्यामुळे जागेवरचं काम पूर्वीपेक्षा पुष्कळ झपाट्याने होतं. तारीख मिळायला लागणारा वेळ उपग्रहांच्या हातात नाही.

तारखेवरून आठवलं. घर पाहावं आषाढात आणि जमीन मोजावी माघात. घर पावसात का, तर ओल, गळकी कौलं, जोत्याला लागलेलं पाणी आणि अंगणातून वाहणारा जो ओहोळ एप्रिलमध्ये ‘फरसबंदी’ म्हणून दाखवला गेला होता, तो, हे सगळं तेव्हाच दिसतं. नुकताच दिलेला रंग तर कुठल्याही महिन्यात संशयास्पद. आणि जमीन माघात का, तर भात उभं असताना आणि गवत छातीपर्यंत असताना दगड शोधायचा कसा? विकणाऱ्याला व्यवहार दसऱ्याला हवा असतो. मुहूर्त म्हणून.

प्रत्यक्ष मोजणीचा दिवस

लगतच्या कब्जेदारांना आधी नोटिसा गेलेल्या असतात. नोटीस मिळूनही कोणी आलं नाही तर मोजणी थांबत नाही, पण न येणाऱ्यापेक्षा येणारा शेजारी बरा. सोबत न्यायचं साहित्य: चुना, खुंट्या, कोयता, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि एक असा नातेवाईक ज्याला राग येत नाही.

भूकरमापक येतो आणि सरळ तुमच्या जागेकडे पाठ करून भलतीकडे चालू लागतो. नवशिके इथे घाबरतात. “साहेब, आपला प्लॉट हा इकडे!” तो ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याला आधी आजूबाजूचे पक्के बिंदू पकडायचे असतात, म्हणून तो दोन-तीन गट पलीकडची विहीर, रस्त्याचं वळण, जुना हद्दीचा दगड शोधत हिंडतो. दगड पन्नास वर्षांत मातीखाली गेलेला असतो, किंवा कोणाच्या तरी गोठ्याच्या पायरीला लागलेला असतो. हद्दीच्या निशाण्या हलवणं 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे गुन्हा आहे. पायरीवर बसून तुम्हाला चहा देणाऱ्या माणसाला हे लगेच सांगू नये.

मग तो तुमच्या कोपऱ्यावर येतो. इथे शेजारचे आप्पा हजर असतात. सकाळी आठपासून ते जांभळीखाली बसलेले असतात आणि आतापर्यंत एक शब्दही बोललेले नसतात. खुंटी जांभळीच्या पलीकडे, त्यांच्या बाजूला सहा फूट आत ठोकली जाते.

“सायेब,” आप्पा उठत म्हणतात, “तुमची मशीन काय बी म्हनू द्या. ही जांभळ माझ्या आज्यानं लावल्याली हाय.”

“आप्पा, झाड कोणी लावलं ते नकाशात नसतं.”

“मंग काय असतं नकाशात?”

भूकरमापक नकाशा उलगडतो. आप्पा तो पाहतात, तुम्हीही पाहता. त्यावरच्या रेषा दोघांनाही सारख्याच कळत नाहीत. तेवढ्यात तुमचा भाचा मोबाइल काढतो. भाच्याला गाडीत बसवावं.

या क्षणी नवशिक्याला वाटतं, आपण जिंकलो. सहा फूट मिळाले. तसं काही झालेलं नसतं. मोजणीवाला हद्द दाखवतो, ताबा देत नाही. जांभळ आप्पांच्या वहिवाटीत आहे ती उद्याही राहील, आणि ती पट्टी हवी असेल तर रस्ता दिवाणी न्यायालयाकडे जातो. पोलीस बंदोबस्तात मोजणी करून घेण्याचीही सोय आहे, आणि काही जण ती वापरतात. ज्या शेजाऱ्याकडून पुढे रात्री-अपरात्री साप मारायला मदत मागायची आहे, त्याच्याविरुद्ध ती वापरण्याआधी मात्र एक रात्र त्या घरात मुक्काम करून पाहावा. शहाणे लोक याच वेळी काकांना पुढे करतात. काका आप्पांच्या शेजारी जांभळीखाली बसतात, तंबाखूची देवघेव होते आणि तासाभराने कळतं की जांभळीचा प्रश्नच नव्हता. मागच्या बाजूने आप्पांची बैलगाडी या जागेतून जाते, ती तुम्ही बंद कराल ही भीती होती.

बैलगाडीचा हा मुद्दा नोंदवून ठेवावा. रस्त्याबद्दल मोजणी तुम्हाला काहीच हमी देत नाही. तुमची जागा चोख दहा आर भरेल, चारी कोपऱ्यांना दगड बसतील, आणि तिथे पोचायला कोणाच्या तरी बांधावरून जावं लागेल. बांधावरून वाट मागायची तर संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज असतो. पण तो जमीन घेतल्यावर करण्याची गोष्ट नव्हे. घेण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच: “तुम्ही आता इथे कुठून आलात?” एजंटची गाडी ज्या वाटेने आली ती वाट कागदावर आहे का, ते पाहावं. त्या दिवशी तो इतक्या घाईत का होता, हेही तेव्हा उमगतं.

नकाशा वाचन

काही दिवसांनी ‘क प्रत’ मिळते. नवशिक्या तिच्यावरचा शिक्का पाहतो, क्षेत्र पाहतो आणि घडी घालतो. घडी उघडावी. तळाशी रेषांचा खुलासा असतो: कोणती रेषा अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवते आणि कोणती जागेवरची वहिवाट. दोन्ही रेषा एकमेकींवर असतील तर पेढे वाटावेत. वेगळ्या असतील तर त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेचे पैसे तुम्ही देणार आहात आणि ती वापरणार आप्पा आहेत. या आकड्यावर भाव कमी करून मागता येतो, आणि त्यासाठी मोजणी खरेदीखताच्या आधी हवी. नंतर केली तर तेवढीच माहिती मिळते, पण तिचा उपयोग फक्त झोप जाण्यापुरता होतो.

आता खाजगी सर्वेअरचा रंगीत नकाशा शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही जुळले तर उत्तम. थोडे सरकलेले असतील तर सर्वेअरला बोलावून कुठला बिंदू धरला ते विचारावं. बरेचदा उत्तर मिळतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. जास्त सरकलेले असतील आणि शेजारीही बिथरले असतील, तर सरकारी मोजणीवर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. तीही पटली नाही तर सुपर निमताना. यापुढच्या पायऱ्यांसाठी ‘वकील निवडावा कसा’ ही पुस्तिका पाहावी. ती जाड आहे.

खरेदीखताच्या दिवशी

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर वकिलाच्या टेबलावर मसुदा तयार असतो. घाईत असलात तरी शेवटून दुसरं पान उघडावं, जिथे मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा असते. हा मजकूर मागच्या खरेदीखतातून उतरवलेला असतो, ते त्याच्या मागच्यातून, आणि असं करत करत पूर्वेस जे ‘गायरान’ लिहिलेलं आहे तिथे आता बारा रो-हाउसं उभी असतात. क प्रतीचा मोजणी रजिस्टर नंबर आणि तारीख त्या वर्णनात घालायला सांगावी, नकाशा परिशिष्ट म्हणून जोडायला सांगावा, ‘दहा गुंठे’ असेल तिथे आर आणि चौरस मीटर करून घ्यावं. दक्षिणेस ‘नाला’ असेल आणि जागेवर नाल्याऐवजी आप्पांची जांभळ असेल, तर तेही सांगावं. टायपिस्ट मान वर न करता बॅकस्पेस दाबतो. त्याचे तो वेगळे पैसे घेत नाही.